बाजरीच्या दोन ओळी, तुरीची एक: कोरडवाहू एकराचे काटेकोर नियोजन

अवर्षणप्रवण पट्ट्यात, म्हणजे अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव आणि पुणे-सातारा-सांगलीच्या पूर्व भागात, शेताचा खरा तोटा दोन ठिकाणी होतो. नुसती बाजरी घेतली तर सप्टेंबरअखेर रान रिकामे होते आणि परतीच्या पावसाची ओल फुकट जाते. नुसती तूर घेतली तर पहिले दीड-दोन महिने ती इतकी सावकाश वाढते की ओळींमधल्या मोकळ्या जागेत तणच पोसते. दोन्ही पिके एका रानात आणली की बाजरी सुरुवातीचे ऐंशी दिवस वापरते आणि तूर पुढचे तीन महिने. खताची गोणी किंवा फवारणी न वाढवता त्याच एकरातून जास्त काढायचे असेल तर रिकामा वेळ आणि रिकामी जागा हीच काय ती शिल्लक आहे. खालची सगळी मापे एका एकराची आहेत.

आधी मातीची खोली

वाण आणि ओळींचे प्रमाण ठरवण्याआधी रानात दोन-तीन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. वीतभरातच मुरूम लागला तर तुरीचा नाद सोडा. तिथे मटकी किंवा हुलगा बरा. ४५ सेंमीच्या आसपास किंवा थोडी जास्त माती असेल तर बाजरी + तूर हीच जागा. ६० सेंमीच्या पुढे खोल, ओल धरणारी काळी जमीन असेल तर खरिपात मूग किंवा उडीद आणि त्यावर रब्बी ज्वारी हा दुसरा मार्ग खुला होतो. तो शेवटी घेतला आहे.

पाणी साचणारा कोपरा असेल तर तो तुरीतून वगळा. तूर दुष्काळ सोसते, पण मुळाशी तुंबलेले पाणी तिला दोन दिवसही सोसत नाही.

वाण

बाजरीत धनशक्ती हा सुधारित वाण लहान शेतकऱ्याला सोयीचा. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून तो आणला. दाण्यात लोह जास्त, तयार व्हायला साधारण ७५ ते ८० दिवस आणि बी घरचे ठेवता येते. आदिशक्ती, महाशक्ती हे संकरित वाण उत्पादनाला सरस आहेत, मात्र त्यांचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. उंच आणि उशिरा येणारी बाजरी आंतरपिकात नको, कारण ती जितके दिवस उभी राहते तितके दिवस तूर सावलीत दबते.

तुरीत जमिनीच्या खोलीप्रमाणे निवड करा. मध्यम जमिनीला बदनापूर केंद्राचा बीडीएन ७११ चालतो. तो पांढरा, दीडशे दिवसांच्या आसपास येणारा आहे आणि ओल संपायच्या आत शेंगा भरून मोकळा होतो. जमीन थोडी खोल असेल तर लाल दाण्याचा बीडीएन ७१६ किंवा बीएसएमआर ७३६ घ्या. हे १६५ ते १८० दिवस घेतात. हलक्या रानात उशिरा येणारी तूर लावणे ही नेहमीची चूक. झाड दिसायला भरदार होते, डिसेंबरात फुलांनी लगडते आणि मग ओलीअभावी दाणा पोचट राहतो.

बियाण्याची तयारी

पेरणीआधी आठवडाभर उगवण तपासा. १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळा, गोणपाट ओले ठेवा आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मोजा. ७५ च्या वर उगवले तर नेहमीचे प्रमाण ठेवा. ६० ते ७५ उगवले तर बी सव्वापट घ्या. त्याखाली असेल तर बी बदला.

बाजरी १ किलो पुरते. अरगट (कणसातून चिकट द्रव गळणारा बुरशीरोग) टाळण्यासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून बी त्यात सोडा. वर तरंगलेले काढून जाळून टाका, तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि सावलीत सुकवा. धुण्यात कसूर झाली तर मिठाने उगवण घटते. गोसावी रोगासाठी (यात कणसाच्या जागी पानांचा झुपका येतो) किलोला मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे बुरशीनाशक ६ ग्रॅम चोळा. पिशवीतल्या कंपनीच्या बियाण्याला आधीच रंगीत औषध लावलेले असते, त्यावर पुन्हा काही करू नका.

तूर २ ते सव्वादोन किलो. तिला ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी किलोला ५ ग्रॅम लावा. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी रायझोबियम (मुळावर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी ५० ग्रॅम थोड्या गुळाच्या पाण्यात कालवून बियांवर हलक्या हाताने लावा आणि सावलीत वाळवा. पाकिटावर तुरीचे नाव पाहा. सोयाबीनच्या पाकिटातला जिवाणू तुरीच्या मुळावर गाठी करत नाही. रासायनिक बुरशीनाशक वापरायचेच असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. जिवाणूंचे पाकीट उन्हात, गाडीच्या डिकीत दोन तास ठेवले तर लावणे न लावणे सारखेच.

पेरणी: तुरीचा फण मधला

एकूण ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय आणि वीतभर खोल ओल गेल्याशिवाय पेरू नका. पहिल्या वळवावर घाईने पेरलेले रान उगवते आणि पुढच्या उघडिपीत करपते. दुबार पेरणीत मात्र बाजरीचा हंगाम निघून जातो. पेरणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत उरकावी. उशीर होईल तशी बाजरीवर खोडमाशी आणि अरगट वाढतो.

दोन ओळींत ४५ सेंमी अंतर हवे. आपली तिफण (तीन फणांची पाभर) टेपने मोजून घ्या. बऱ्याच घरी ती बारा इंचीच असते. त्या तिफणीने पेरले तर तुरीच्या दोन ओळींत ९० सेंमीच उरतात आणि बाजरी निघेपर्यंत तूर दोऱ्यासारखी उंच आणि बारीक होते. ४५ सेंमीवर तुरीच्या दोन ओळींत १३५ सेंमी येतात. ओळीत ३० सेंमीवर एक झाड धरले तर एकरी सुमारे १०,००० झाडे बसतात. बाजरी ओळीत १५ सेंमीवर ठेवली तर साधारण ४०,००० झाडे होतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो इथे. तुरीचे बी तिफणीच्या कडेच्या फणातून सोडले की जाताना बाजरी-बाजरी-तूर अशा ओळी पडतात आणि परत येताना तिफण उलटल्यामुळे तूर-बाजरी-बाजरी. म्हणजे तुरीच्या दोन ओळी शेजारी-शेजारी आणि मग बाजरीच्या चार. तूर नेहमी मधल्या फणातून सोडावी. चाड्याचे (ज्यातून बी फणांत सोडतात त्या भांड्याचे) मधले भोक चिंधीने गच्च बुजवा, मधल्या फणामागे मोघण (बी सोडायची नळी) बांधा आणि त्यातून तुरीचे बी हाताने सोडा. मग कोणत्याही बाजूने फिरा, दोन बाजरी आणि एक तूर हाच क्रम राहतो. सहा फणांच्या ट्रॅक्टर पेरणी यंत्रात दुसरा आणि पाचवा फण तुरीचा. चार फणांच्या यंत्राला २:१ जमत नाही. तिथे वेगळ्या प्रमाणाचा विचार करावा लागतो.

बाजरीचे बी बारीक, हातातून धारेसारखे सुटते. १ किलो बियात ३-४ किलो चाळलेली बारीक वाळू मिसळली की सारखे पडते. खोली बाजरीला २ ते ३ सेंमी, तुरीला ४ ते ५. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर पापुद्रा धरला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोरी-बाभळीची काटेरी फांदी हलकेच ओढा. नाहीतर बाजरीचा कोंब आतच वाकून सडतो. पेरणी उताराला आडवी करावी, ही गोष्ट जुनी आणि सगळ्यांना माहीत असली तरी ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचे वाटतात म्हणून अजूनही उताराच्या दिशेने पेरलेली राने दिसतात.

खत ओळ पाहून द्या

उन्हाळ्यात शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी २ टन, म्हणजे चार-पाच बैलगाड्या, चांगले कुजलेले शेणखत. पेरताना १०:२६:२६ या मिश्रखताची (नत्र, स्फुरद, पालाश) एक गोणी सगळ्या ओळींत, बियाच्या खाली. दोन चाड्यांची पाभर असेल तर काम एका फेरीत होते. तुरीच्या ओळीला याशिवाय २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. त्यातून जादा स्फुरद आणि गंधक मिळते.

युरिया पेरताना देऊ नका. तो बाजरीच्या ओळींनाच, ३० व्या दिवसाच्या आत, विरळणी आणि खुरपणी झाल्यावर, जमिनीत ओल असताना. हलक्या रानात १५ किलो, मध्यम रानात २५ किलो. तुरीच्या बुडाशी युरिया पडला तर काय होते? झाडाला आयते नत्र मिळते, ते मुळावर गाठी करण्याचा खटाटोप करत नाही. पाने गडद होतात, फांद्या वाढतात, शेंगा मात्र उशिरा. संपूर्ण शेतात युरिया विस्कटणे सोपे वाटते, पण एक तृतीयांश पैसा असा उलटा कामाला लागतो.

पस्तीस दिवसांनी एक तपासणी करा. तुरीची चार-पाच झाडे खुरप्याने बाजूची माती सैल करून मुळासकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर निकामी. गाठीच नसतील तर पुढच्या वर्षी जिवाणूंचे पाकीट कुठून आणि कसे आणले ते पाहा.

पहिले पस्तीस दिवस

या काळात तण झाले तर पुढे कितीही खुरपा, बाजरीचे गेलेले फुटवे परत येत नाहीत. बाजरीची पहिली विरळणी दहाव्या ते पंधराव्या दिवशी, दुसरी विसाव्या दिवशी. मजूर मिळत नाही म्हणून विरळणी टाळली जाते आणि मग दाट बाजरी बारीक कणसे देते. तुरीच्या नांग्या (न उगवलेल्या जागा) आठवड्याच्या आत बी टोकून भरा. पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी, दुसरी ३० ते ३५ दिवसांनी, मध्ये एक खुरपणी.

तणनाशकाबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवा. नुसत्या ज्वारी-बाजरीत वापरले जाणारे ॲट्राझिन या रानात चालत नाही, ते तुरीला मारते. शेजाऱ्याच्या ज्वारीत वापरलेला पंप न धुता आणला तरी तूर पिवळी पडते. या आंतरपिकात कोळपेच खरे.

दुसऱ्या कोळपणीनंतर, पेरणीपासून महिना-सव्वा महिन्याने, बाजरीच्या जोडओळीच्या मध्ये बळीराम नांगराने किंवा कोळप्याला दोर गुंडाळून एक सरी काढा. जोराच्या पावसात जादा पाणी तिच्यातून निघते, हलक्या पावसात तीच पाणी मुरवते. रानाच्या खालच्या बांधाला सरीचे तोंड मोकळे ठेवा, नाहीतर तीच सरी तुरीला बुडवते.

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतोच. वीस-पंचवीस दिवस उघडीप झाली तर एक जादा कोळपणी करून भेगा बुजवा आणि २ टक्के युरिया किंवा १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करा. फवारणीने पाऊस भरून निघत नाही, पीक आठवडाभर तग धरते एवढेच.

बाजरी निघाल्यावर

कणसातला दाणा दाताखाली कट्कन फुटला आणि त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की कापणी. शक्य तितक्या लवकर, कारण इथून पुढचा प्रत्येक दिवस तुरीच्या उन्हाचा आहे. बाजरी जमिनीलगत कापा, सरमाड रानात ढीग घालून आठवडा-पंधरवडा ठेवू नका. लगेच मोकळ्या पट्ट्यात कोळपे फिरवा. वरची दोन-तीन सेंमी माती भुसभुशीत झाली की खालची ओल बाहेर पडत नाही, आणि परतीचा पाऊस आला तर आत मुरतो.

तुरीचा शेंडा पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास खुडला तर बाजूच्या फांद्या वाढतात. मात्र हे ओल चांगली असेल तरच. खंडात सापडलेल्या झाडाचा शेंडा खुडला तर ते आणखी मागे पडते.

शेततळे किंवा विहिरीत दोन पाळ्यांचे पाणी असेल तर पहिली कळ्या लागताना, दुसरी शेंगा भरताना. ऐन फुलोऱ्यात भारी जमिनीला भरपूर पाणी दिले की फुले गळतात.

तुरीचे दुखणे

मर रोगात झाड एका बाजूने किंवा पूर्ण वाळते. खोड उभे चिरले तर आत काळसर रेषा दिसतात. यावर उभ्या पिकात औषध नाही. प्रतिकारक वाण, ट्रायकोडर्मा आणि त्याच रानात तीन वर्षे तूर न घेणे हाच उपाय. ज्वारी-बाजरीसोबतच्या तुरीत मर कमी राहते, हाही या पद्धतीचा एक फायदा.

वांझ रोगात पाने लहान, फिकट, झाड झुडपासारखे दाट आणि फुलाविना राहते. बरेच जण याला खताची कमतरता समजून युरिया टाकतात. हा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यामार्फत पसरतो. अशी झाडे दिसताच उपटून जाळा. मागच्या वर्षीच्या बांधावरच्या तुरी, ज्या कुणी काढत नाही, त्याच या कोळ्याचे उन्हाळ्यातले घर असतात.

शेंगा पोखरणारी अळी हा खरा शत्रू. कळ्या दिसताच एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) आणि पक्ष्यांना बसायला २० पक्षिथांबे. तुरीत मधूनमधून ज्वारीची थोडी झाडे असतील तर वेगळे थांबेही लागत नाहीत. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८ ते १० पतंग आले की रोज झाडे पाहा. फुलोरा निम्मा असताना ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५ किलो निंबोळ्यांचा भरडा पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबण चुरा घाला आणि पाणी १०० लिटर करा. एकराला दोनदा करावे लागते. फवारणी संध्याकाळी, कारण उन्हात अर्काचा गुण टिकत नाही आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. अळ्या मोठ्या दिसू लागल्या असतील तर झाडाखाली गोणपाट अंथरून झाड हलवा. पडलेल्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका. मोठी अळी औषधाला दाद देत नाही, तिला हातच लागतो.

तरीही १० झाडांवर ५ ते १० अंडी किंवा अळ्या सापडल्या तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी एकरी ८८ ग्रॅम, २०० लिटर पाण्यात. मात्रा एकराची मोजा, पंपाची नव्हे. पॉवर स्प्रेने एकरात ७० लिटरच पाणी बसते, पण औषध हाताच्या पंपाच्या हिशेबाने घातले जाते. मग एकराला तिसरा हिस्सा औषध पडते आणि "औषध बोगस निघाले" अशी तक्रार होते.

शेंगमाशी मात्र शेवटपर्यंत दिसत नाही. शेंग सोलली की आत पांढरी अळी आणि किडलेला दाणा. उशिरा फुलणाऱ्या तुरीत ती जास्त असते, लवकर येणारा वाण घेण्याचे हेही एक कारण.

खोल काळ्या रानात: मूग, मग ज्वारी

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मूग पेरा: ३० सेंमीवर, एकरी ६ किलो बी. वैभव, उत्कर्षा किंवा बीएम २००३-२ असा साठ-सत्तर दिवसांत येणारा वाण. शेंगा दोन तोडण्यांत काढा आणि झाडे रानातच कुळवाने गाडा. कडधान्य घेतले म्हणजे जमीन आपोआप सुपीक होते हा समज अर्धाच खरा आहे. गाठींनी बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो. पाला-कुटार जनावरांना नेले तर मागे जवळजवळ काही उरत नाही. जनावरांना हवे असेल तर न्या, पण मग शेणखत त्याच रानात परत येऊ द्या.

ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, ४५ सेंमीवर, एकरी ४ किलो बी. वाण पुन्हा खोलीवरूनच: या खोल, भारी रानाला फुले वसुधा किंवा परभणी मोती. कमी खोल रानात नुसती रब्बी ज्वारी घ्यायची असेल तर ३० सेंमीपर्यंत हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१. काणी रोगासाठी (यात दाण्याच्या जागी काळी भुकटी होते) किलोला ३०० मेश गंधक ४ ग्रॅम. कोरडवाहू ज्वारीला सगळे नत्र पेरतानाच बियाखाली द्यायचे, नंतर देण्यासाठी वरच्या थरात ओलच नसते. कोळपण्यांचा क्रम महत्त्वाचा: तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे (मध्ये फट असलेल्या पात्याचे), पाचव्यात पासेचे (सलग पात्याचे), आठव्या आठवड्यात भेगा बुजवायला दातेरी.

मूग काढताना पाऊस लागून राहिला आणि शेंगांतच दाणे उगवू लागले, तर थांबू नका. असतील तेवढ्या शेंगा तोडून रान मोकळे करा. चार किलो मुगासाठी ज्वारीची पेरणी ऑक्टोबरअखेर ढकलणे परवडत नाही.

हिशेब आणि बियाणे

आंतरपीक खरोखर फायद्याचे झाले का, हे नुसत्या पोत्यांवरून कळत नाही. रानाच्या एका टोकाला पाच-पाच गुंठे नुसती बाजरी आणि नुसती तूर ठेवा. समजा नुसती बाजरी एकरी ८ क्विंटलच्या हिशेबाने आली आणि नुसती तूर ५ च्या. आंतरपिकात बाजरी ६ आणि तूर साडेतीन. ६ भागिले ८ म्हणजे ०.७५, साडेतीन भागिले ५ म्हणजे ०.७०. बेरीज १.४५. म्हणजे एका एकरात जवळपास दीड एकराचे काम झाले. बेरीज १ च्या खाली आली तर बाजरी फार दाट होती किंवा तुरीचा वाण चुकला, ते शोधा.

तूर मळणीनंतर कडक उन्हात वाळवा, दाणा दाताने चावल्यावर दबता कामा नये. भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच दाण्यावर येतात, म्हणून वाळवलेली तूर हवाबंद पिशवीत ठेवा; खाण्यापुरतीची डाळ लवकर करून घेतली तर भुंगेरा फारसा लागत नाही.

बियाणे घरचे ठेवायचे तर बाजरीची कणसे रानाच्या मध्यातली, बांधापासून दूरची निवडा, कारण बाजरीचे परागीकरण वाऱ्याने होते आणि शेजारचा वाण सहज मिसळतो. तुरीतही मधमाश्यांमुळे भेसळ होते. गोसावी, वांझ किंवा मर झालेल्या झाडांच्या आसपासचे बी घेऊ नका. दोन-तीन वर्षांनी विद्यापीठाचे किंवा महाबीजचे नवे बी आणून बदला.